भाकरी घरची, विद्या मिशनची

धर्म बदलण्याला मराठीत जुना शब्द आहे ‘बाटणं’. भांडं बाटतं, पाणी बाटतं, विहीर बाटते, तसाच माणूसही बाटतो. त्याने काय मानलं, कशावर विश्वास ठेवला, याच्याशी या क्रियापदाला देणंघेणं नाही. कुणाच्या हातचं खाल्लं, कुणाचं पाणी प्यायला, एवढंच ते विचारतं. पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकला आणि त्या पाण्याने गावंच्या गावं बाटली, ही गोष्ट वसईकडे अजून सांगितली जाते. तिच्यातली ऐतिहासिक सत्यता बाजूला ठेवली तरी तिचा तर्क बघण्यासारखा आहे. गावकऱ्यांना येशूबद्दल काय वाटत होतं, हे त्या गोष्टीत कुणी विचारतच नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई-पुण्या-नगरच्या मिशन शाळांचा इतिहास वाचताना हे क्रियापद हाताशी ठेवावं. एरवी तो दोनच तऱ्हांनी सांगितला जातो. मिशनऱ्यांनी ज्ञान आणलं ही एक तऱ्हा, मिशनरी बाटवायला आले ही दुसरी. दोन्हींत कर्ता मिशनरीच. पोराला त्या शाळेत धाडणारा बाप या गोष्टींतून गायब असतो. त्या बापाचा हिशोब मात्र अगदी पक्का होता. इंग्रजी घ्यायचं, गणित-भूगोल घ्यायचा, बायबलचा तास कानाआड करायचा आणि पोरगा जेवायला-झोपायला घरी हवा. या शेवटच्या अटीला धक्का लागला की शाळा रिकामी व्हायची.

आधी सरकारी चौकट. 1813च्या सनदेने कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना वाट मोकळी करून दिली आणि त्याच सनदेत शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपयांची तरतूदही आली. त्याच साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. 1818मध्ये पेशवाई गेली. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन शिक्षणाच्या बाजूचा असला तरी शिक्षणात धर्म मिसळायला त्याचा विरोध होता. 1820च्या दशकातल्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात त्याने एक फार बोलका मुद्दा नोंदवला आहे. मिशनऱ्यांना सगळ्यात खालच्या जातींत उत्तम विद्यार्थी सापडतात, पण तशा लोकांना खास उत्तेजन देताना आपण जपून असावं. शिक्षण त्यांच्यातच आधी रुजलं तर ते पुढे पसरणार नाही. कंपनीची धार्मिक तटस्थता म्हणतात ती व्यवहारात अशी होती. धर्मात हात घालायचा नाही, याचा अर्थ जातीलाही हात लावायचा नाही.

आता प्रत्यक्ष शाळा. आधीच्या पंतोजीच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी लिहायची, उजळणी आणि पावकी-निमकी घोकायची. पंतोजीची प्राप्ती धान्य आणि सणावाराच्या दक्षिणेवर. मिशन शाळेने यात तीन गोष्टी बदलल्या: छापील बालबोध पुस्तक, ठरलेला पगार आणि इयत्ता. शिकवणारे मात्र तेच राहिले. 1815पासून अमेरिकन मिशनने मुंबईत शाळा उघडल्या, त्यांत शिकवायला बरेचदा ब्राह्मण पंतोजीच नेमावे लागले, कारण दुसरं शिकवणारं माणूसच नव्हतं. ख्रिस्ती प्रश्नोत्तरावली मुलांकडून घोकून घेणारा गुरुजी शेंडी-जानव्यातला, अशी स्थिती. मिशनऱ्यांना हे टोचायचं, पण दुसरा इलाज नव्हता. पंतोजीला त्यात अडचण वाटत नव्हती. तो अक्षर ओळखायला शिकवत होता. अक्षरं कशाची, ही पगार देणाऱ्याची बाब.

छापील पुस्तकाचीही एक अडचण होती. शाईत चरबी असते या समजामुळे सोवळ्यातल्या माणसांना छापलेलं पुस्तक हातात घ्यायला नको वाटे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातलं काम बघून तयार झालेल्या गणपत कृष्णाजींनी 1831मध्ये पंचांग छापलं, तेव्हा शाईत चरबीऐवजी तूप वापरल्याचं सांगतात. तंत्र मिशनचं, तूप घरचं! या सगळ्या शतकाची पद्धत त्या एका शाईत दिसते.

स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन 1829मध्ये मुंबईत आले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी लगेच मुलींच्या शाळा सुरू केल्या. 1832मध्ये गिरगावात अंब्रोळीला इंग्रजी शाळा निघाली. आजच्या विल्सन कॉलेजचं मूळ ते. विल्सन संस्कृत-मराठी-गुजराती जाणणारे, वादाला हपापलेले गृहस्थ. 1831मध्ये मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला, दोघांनीही त्यावर पुस्तकं छापली. पुढे 1857मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी महिनोन्महिने वाद घालत राहिले, त्याचीही पुस्तकं झाली. या वादांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला ते तितके महत्त्वाचे वाटत नाहीत. मूर्तिपूजा बरी की वाईट, यावर हजार माणसांसमोर भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी शाळेचा पट जागेवर असायचा. पट कोसळायचा तो वेगळ्याच कारणाने.

मे 1839. विल्सन यांच्या शाळेतला धनजीभाई नौरोजी हा पारशी मुलगा घर सोडून त्यांच्या बंगल्यावर राहायला गेला आणि ख्रिस्ती झाला. पाठोपाठ होरमसजी पेस्तनजी. पारशी समाजाने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करण्याचा, अर्ज केला. मुलगा सोळा वर्षांच्या पुढचा, स्वतःचं मत सांगण्याइतका मोठा ठरला. कोर्टाने त्याला हवं तिथे जाऊ दिलं. पारशी मुलं शाळेतून एकदम निघाली आणि इतर घरांतूनही मुलं काढून घेतली गेली. तीच शिकवण, तेच पुस्तक वर्षानुवर्षं चाललं होतं, तेव्हा कुणी हललं नव्हतं. मुलगा रात्री कुठे झोपला यावर सगळं हललं.

1843चं श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे आणि अधिक शिकवणारं आहे. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण त्या सप्टेंबरात ख्रिस्ती झाला. त्याचा बाराच्या आतबाहेरचा धाकटा भाऊ श्रीपतही रॉबर्ट नेसबिट या मिशनऱ्याच्या घरी जाऊन राहिला. बाप कोर्टात गेला. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी मुलगा अज्ञान ठरवून बापाच्या ताब्यात दिला. धनजीभाईच्या वेळी वयामुळे मिशन जिंकलं होतं, श्रीपतच्या वेळी वयामुळेच बाप जिंकला. कायदा दोन्हीकडे एकच होता.

खरी अडचण इथून पुढे. कोर्टाने मुलगा बापाला दिला, पण जातीला कसा देणार? तो बाप्तिस्मा न घेता परतला होता, तरी मिशनऱ्याच्या घरी राहिला होता, तिथलं अन्न त्याच्या पोटात गेलं होतं. पेशवाईत अशा बाबतीत सरकारकडे जाता येई. सरकार शास्त्र्यांचं मत घेई, प्रायश्चित्त ठरवी आणि मग ‘याला पंक्तीस घ्यावे’ असा हुकूम सुटे. शिवाजी महाराजांनी 1676मध्ये नेताजी पालकरांना परत घेतलं, तेही राजसत्तेच्या बळावर. कंपनी सरकारने जातीच्या कामात आम्ही पडत नाही असं ठरवलं आणि हुकूम देणारा हातच काढून घेतला. उरले शंकराचार्य, उरल्या ब्रह्मसभा, आणि प्रत्येक ठिकाणी दोन तट. वसाहतीच्या राज्याने परधर्मात गेलेल्याची परतीची वाट अशी अवघड केली, तीही काहीच न करता. या परिणामाची चर्चा फार कमी होते.

प्रायश्चित्ताचा विधी तसा ठरलेला असतो. क्षौर, स्नान, पंचगव्यप्राशन म्हणजे दूध, दही, तूप, गोमूत्र आणि गोमय. मग होम, नवं यज्ञोपवीत, दक्षिणा, ब्राह्मणभोजन. पण विधी पार पडला म्हणजे काम झालं असं नाही. शेवटची पायरी पंक्तीची: जातीतल्या माणसांनी त्याच्या शेजारी पाट मांडून जेवायला हवं. सगळं अडतं ते इथे. महापातकं पाच, आणि पाचवं म्हणजे पहिली चार करणाऱ्याचा संसर्ग. त्यामुळे प्रायश्चित्त अपुरं आहे असं एका गटाने म्हटलं की मुलाबरोबर जेवणारेही दोषी, त्या जेवणाऱ्यांबरोबर जेवणारेही दोषी. ग्रामण्य, म्हणजे जातीतला बहिष्काराचा तंटा, पसरतं ते असं, आगीसारखं घराघरातून.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवणारे, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. मूल अजाण आहे, शास्त्रात वाट आहे, ती बंद केली तर मिशनऱ्यांचंच फावेल, असा त्यांचा रोख. प्रायश्चित्त झालं, पण मुंबईत उभे तट पडले आणि खुद्द बाळशास्त्रींच्या बहिष्काराची भाषा सुरू झाली. मिशनऱ्यांना तोंड देणारा हिंदू पुढारी मिशनऱ्यांच्या नव्हे, आपल्याच पंक्तीच्या तडाख्यात सापडला. बाळशास्त्री 1846मध्ये वारले. नारायण शेषाद्री पुढे पाद्री झाले. जालन्याजवळ बेथेल ही वसाहत त्यांनी उभारली.

शिकलेल्या पोरांना ही रेघ नेमकी कुठे आहे हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच 1849च्या सुमारास मुंबईत निघालेल्या, जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेत प्रवेशाची कसोटी ठेवली होती ख्रिस्त्याने भाजलेला पाव खाण्याची आणि मुसलमानाच्या हातचं पाणी पिण्याची. देव एक आहे असं तोंडाने म्हणायला कुणालाही काही पडत नाही. पाव गिळताना खरी परीक्षा. सभा गुप्त होती. 1860च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली आणि सभाच संपली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर यांच्यासारखी भारदस्त माणसं त्यात होती. बाबा पदमनजीही होते, ते मात्र 1854मध्ये सरळ ख्रिस्ती झाले.

मिशनऱ्यांची आणखी एक फजिती सांगायलाच हवी. त्यांनी इंग्रजी शिकवलं ते बायबल वाचता यावं म्हणून. पोरांनी त्याच इंग्रजीतून बायबलवर टीका करणारा टॉमस पेन वाचला, आणि ख्रिस्ती चमत्कारांवर हल्ला कसा करायचा हे त्यातून शिकून वर्गात प्रश्न विचारले. इंग्रजी शिकवून माणसं ख्रिस्ती होतील या कल्पनेचा हिशोब जागोजागी चुकला. शाळांमध्ये हजारो मुलं शिकली, बाप्तिस्मा घेतला त्यांतल्या मूठभरांनी.

जुलै 1854मध्ये वुड यांचा शिक्षणविषयक धोरणाचा खलिता आला आणि मिशन शाळांच्या खिशाची स्थिती बदलली. सरकारी अनुदान आता खासगी शाळांना मिळू लागलं. अटी अशा: लौकिक शिक्षण बरं असावं, सरकारी तपासणी मान्य असावी, आणि थोडी का होईना फी घ्यावी. धर्मशिक्षणाकडे इन्स्पेक्टर बघणार नाही. वरवर ही तटस्थता. पण अनुदान मिळवायला इमारत, शिकलेले मास्तर, नीट ठेवलेलं हजेरीपत्रक आणि हिशोबाची वही लागते. हे सगळं आधीपासून कुणाकडे तयार होतं? मिशनकडे. मुंबई इलाख्यात पुढे परीक्षेच्या निकालावर अनुदान मोजायची पद्धत आली. इन्स्पेक्टर येणार, मुलाची वाचन-लेखन-गणितात परीक्षा घेणार, पास मुलामागे रक्कम. याचा परिणाम मिशनऱ्यांनाही जाचला: अनुदान मिळवून देणारे तास वाढवायचा मोह, आणि ज्यासाठी शाळा काढली तो तास कडेला. हिंदू समाजाने खासगी शाळा काढायला सुरुवात केली तेव्हा हीच चौकट त्यांच्या कामी आली. 1880मध्ये पुण्यात चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. मिशन शाळेला उत्तर मिशन शाळेच्याच साच्यात.

आतापर्यंत बोललो ते सगळं वरच्या जातींच्या बापाचं. ज्याच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं, त्याच्या बाजूने हाच व्यवहार पाहिला तर चित्र पालटतं. महार-मांगांच्या मुलाला बाटण्याची भीती कुणी घालायची? जून 1856मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला, आणि सरकारने तो नकार चालू दिला. मिशनच्या शाळेत त्याला जागा होती. पण त्याला वर्गात बसवलं की वरच्या जातींची मुलं उठून जायची, फी आणि पट दोन्ही खाली. त्यामुळे मिशनऱ्यांनीही सगळीकडे ताठ कणा दाखवला असं नाही. शहरातली इंग्रजी शाळा वरच्यांची, खेड्यातली मराठी शाळा महारवाड्यातली, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी आपोआप झाली.

जोतीराव फुले 1841 ते 1847 पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि 1848मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या तयारीतही फरारबाई आणि पुण्यातल्या मिशेलबाई यांचा वाटा होता. काही वर्षं फुल्यांनी मिशनच्या मुलींच्या वसतिगृह-शाळेत शिकवलंही. ते ख्रिस्ती झाले नाहीत. ‘मिशनऱ्यांचा माणूस’ हा शिक्का त्यांच्यावर आयुष्यभर मारला गेला, पण 1882मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांचं मागणं सरकारकडे होतं: खालच्या थरांसाठी सक्तीचं प्राथमिक शिक्षण. आणि 1868मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मिशनने बोट ठेवलं होतं ते वरच्यांच्या ताटावर. फुल्यांनी ठेवलं पाण्यावर, आणि तेही स्वतःच्या दारात.

हौदावरून पंच हौद. पुण्यातल्या या भागात मिशनचं ठाणं होतं. ऑक्टोबर 1890मध्ये तिथे व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली बडी मंडळी जमली. रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी प्याले, कुणी नुसता कप हाती धरला. डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’त छापून टाकली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री आले. यातले कितीतरी जण इंग्रजी शिकलेले, गोऱ्या प्राध्यापकांच्या हाताखाली वर्षं काढलेले, मुलांना तसल्याच शाळांत घालणारे. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एका कपाबद्दल ग्रामण्य झालं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892मध्ये घेतलं आणि सुधारकांचे शब्द झेलले. रानड्यांना भित्रं म्हणणं सोपं आहे. बहिष्कार एकट्या रानड्यांवर पडला नसता. तो पडायचा आप्तांवर, मित्रांच्या घरच्या लग्न-श्राद्धांवर. संसर्गाचा नियम आठवावा.

त्याच सुमारास पंडिता रमाबाईंचं शारदा सदन पुण्यात होतं. 1883मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतलेली बाई, अमेरिकेतल्या देणग्यांवर, 11 मार्च 1889ला मुंबईत चौपाटीजवळ हिंदू विधवांसाठी शाळा उघडते. पुढच्या वर्षी ती पुण्याला आणते. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर. हे चाललं कसं? स्वयंपाकघरामुळे. मुलींचं सोवळंओवळं, ताट-पाणी हिंदू रीतीने, ब्राह्मणी हातचं. कुणावर धर्माची सक्ती नाही. सदन हे वसतिगृह होतं, म्हणजे मुली रात्री घरी जात नव्हत्या. मिशन शाळेची जुनी अट मोडलेलीच होती. ती उणीव स्वयंपाकघराने भरून काढली होती. तोल गेला तो भाकरीवर नव्हे. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली तिथे जाऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने रान उठवलं. 1893मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, पण आपल्या घरात आपलं दार का लावू? सल्लागारांचं म्हणणं असं की आईच्या मायेने वागणाऱ्या बाईचं उघडं दार हेच बोलावणं असतं. दोघांचंही खरं होतं असं मला वाटतं. तडजोड टिकण्यासारखी नव्हतीच.

शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. मार्च 1893मध्ये त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांच्या गावच्या मुरूडकरांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. गावी गेले तरी आईच्या घरात पंक्तीला बसायची सोय उरली नाही. 1896मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला, पुढे तो हिंगण्याला नेला. कल्पना रमाबाईंच्या सदनाशी नातं सांगणारी, पण आश्रम संपूर्ण हिंदू वळणाचा आणि पुनर्विवाहाचा प्रचार आत येऊ द्यायचा नाही हा दंडक. पुनर्विवाहित बायकोचा वावर आश्रमात नको म्हणून कर्व्यांनी बिऱ्हाड पुण्यातच ठेवलं, आणि मुलींसाठी बाजारहाट पाठीवर घेऊन ते हिंगण्याची वाट रोज पायी तुडवत राहिले.